दोन महिन्यांनी एक बोट

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण माझ्यात कुणी बसत नाही. मी फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारी गाडी आहे. पुढे दोन चाकं, मधे पत्र्याची पेटी, पेटीच्या बुडाला एक फट, ती उघडायला-मिटायला एक दांडी आणि मागे ढकलायला लांब मूठ. एवढाच माझा पसारा. सध्या मी एका कॉलेजच्या व्हरांड्यात काचेच्या कपाटात उभी आहे. माझ्या अंगाला सोनेरी रंग फासलेला आहे. पायाशी पाटी आहे आणि तिच्यावर 'प्रेरणेचा वारसा' असं लिहिलेलं आहे. येणारे-जाणारे त्या काचेत बघून केस नीट करतात आणि पुढे जातात.

माझी गोष्ट सांगायची म्हणजे सरांची सांगावी लागते. सर म्हणजे या कॉलेजचे फुटबॉलचे प्रशिक्षक. एकतीस वर्षं त्यांनी इथे मुलं घडवली. ते नोकरीला लागले तेव्हा इथे रेघा मारायला एक फुटका डबा होता. डबा हलवत माणूस चालायचा आणि रेघ अशी यायची की बघणाऱ्याला चक्कर यावी. सरांनी आठच दिवसांत कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या फिटरला गाठलं, समोर बसून मला बनवून घेतलं. फिटर वैतागला होता. "अहो, रेघच मारायची आहे ना, घड्याळ नाही बनवत आपण," असं तो म्हणाल्याचं मला आठवतं. सरांनी फट दोनदा कापून परत लावायला लावली.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी आमचं ठरलेलं काम असे. सर चुना चाळणीतून चाळायचे, कारण एक खडा फटीत अडकला की रेघ तुटते. मग दोन खुंट्या, त्यांच्यात ताणलेली दोरी आणि दोरीच्या कडेने मी. सराव मुलं करायची, सामने मुलं खेळायची, पण रेघ सर स्वतः मारायचे. अपवाद एकच. जो उशिरा येईल त्याने सरांच्या डोळ्यांदेखत एक साइडलाइन मारायची. या शिक्षेचा सगळ्यात जास्त लाभ एका गोलकीपरला झाला. तो उंच, हसरा, मनाने चांगला आणि कमालीचा घाईचा. त्याची रेघ नेहमी शेवटच्या दहा पावलांत भरकटायची, कारण तोवर त्याचं लक्ष डब्यातल्या खाण्याकडे लागलेलं असायचं. सर ती पायाने पुसायचे आणि पुन्हा मारायला लावायचे. पुढे हा गोलकीपर मोठा माणूस झाला, कॉलेजच्या समितीवर गेला. घाई मात्र होती तशीच राहिली.

आता मी ते सांगते ज्याच्यासाठी सरांचा खरा मान राखायला हवा होता. सरांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या बाईंना, एक दिवस अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. महिनाभराने व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, "यांना सरळ रेघेवर चालवा. आडव्या खुणा करा, सारख्या अंतरावर. एका खुणेवरून दुसरीवर पाऊल टाकू दे." सरांच्या घरात सरळ रेघ काढली तर चौथ्या पावलाला कपाट यायचं. मग रविवारी सकाळी मैदान मोकळं असताना सर त्यांना इथे घेऊन आले. साइडलाइनवर त्यांनी माझ्याकडून आडव्या खुणा काढून घेतल्या. बाई सरांचा दंड धरून चालल्या. जाऊन-येऊन तासभर लागला आणि सरांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

पण सर शेवटी प्रशिक्षकच. दोन आठवड्यांनी त्यांनी खुणांमधलं अंतर वाढवलं आणि उत्साहाने सांगून टाकलं, "आज चार बोटं जास्त आहे हं." बाई तिथेच थांबल्या. "मी तुमच्या टीममध्ये नाही," म्हणाल्या, "घरी चला." पुढचे दोन रविवार त्या आल्याच नाहीत. सरांनी यातून एक धडा घेतला. तो धडा चुकीचा होता, हे मला आता कळतंय. तेव्हा मलाही तो शहाणपणाचा वाटला होता. त्यांनी ठरवलं की अंतर वाढवायचं, पण थोडं थोडं वाढवायचं आणि बोलायचं नाही. बाईंनी विचारलं, "खुणा त्याच ना?" तर सर म्हणायचे, "त्याच." बाई त्यानंतर चार वर्षं जगल्या आणि शेवटच्या वर्षी काठीशिवाय फाटकापर्यंत जात होत्या.

बाईंना बघून इतर लोक यायला लागले होते. कुणाचे वडील, कुणाची आत्या, एक निवृत्त बसचालक, एक मुख्याध्यापिका. बाई गेल्या तरी सरांनी रविवार मोडला नाही. उलट माणसं वाढून पंचवीसवर गेली. प्रत्येकाची पट्टी वेगळी आणि प्रत्येकाच्या खुणांचं अंतर वेगळं, कारण प्रत्येकाचं पाऊल वेगळं. हे लक्षात कसं ठेवायचं? सरांनी माझ्या मुठीला सुतळ्या बांधल्या. एका माणसाची एक सुतळी. तिच्यावर त्या माणसाच्या पावलाएवढ्या अंतरावर गाठ. दर दोन महिन्यांनी जुन्या गाठीच्या पुढे एक बोट सोडून नवी गाठ. मुलं माझ्या मुठीकडे बघून हसायची आणि म्हणायची, गाडीला जटा फुटल्या. सर त्यांना हसू द्यायचे. त्या सुतळ्यांचा अर्थ ते आणि मी, दोघांनाच ठाऊक होता.

या माणसांत एक शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पन्नास वर्षं कपडे शिवलेला माणूस, गळ्यात मापाची टेप घालून जन्माला आल्यासारखा. झटक्याने डावा पाय ओढायला लागला आणि पायाने चालवायचं शिलाई मशीन बंद पडलं. त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि खुर्चीत बसले ते बसलेच. सून त्यांना पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा त्यांचं पाऊल अर्ध्या वितीचं होतं. म्हणजे सहा बोटं. मास्तर मोठे फटकळ होते. सर सुतळी मोजत होते तर म्हणाले, "माप मी घ्यायचं असतं, लोकांनी नाही." तरी आले. एक रविवार चुकवला नाही. दर वेळी चालायच्या आधी विचारायचे, "सर, खुणा त्याच ना?" आणि सर दर वेळी म्हणायचे, "त्याच, मास्तर. काही बदललेलं नाही."

तीन वर्षांत मास्तरांच्या सुतळीवर अठरा गाठी वाढल्या. पाऊल दोन वितींचं झालं. मित्रांनो, सरांच्या संघाने चार वेळा आंतरमहाविद्यालयीन करंडक जिंकला. ते सगळे सामने मी कडेला उभी राहून बघितले आहेत. पण ज्या शनिवारी सरांनी अठरावी गाठ मारली, त्या संध्याकाळी ते एकटेच माझ्या मुठीला टेकून बराच वेळ हसत उभे होते. करंडकाच्या वेळी मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्याच महिन्यात सर निवृत्त व्हायचे होते. गोलकीपर एक दिवस मैदानावर आला. सरांच्या पाया पडावं इतका तो भारावलेला होता. म्हणाला, "सर, मैदान नवं करतोय आपण. कृत्रिम गवत, कायमच्या रेघा. आणि मैदानाला तुमचं नाव. मोठा सत्कार करायचा, जुने सगळे खेळाडू येणार."

सर म्हणाले, "नाव दिलं काय, नाही दिलं काय. रविवारची सकाळ माझ्या माणसांची राहील, एवढं लिहून दे."

"लिहून कशाला, सर? मी आहे ना."

सरांनी पुढे ताणलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी खेळाडूंना कागदावर आखून दाखवल्याशिवाय मैदानात पाय ठेवू दिला नव्हता, आणि इथे एका शब्दावर विसंबले. माणूस निरोप घेताना जरा मऊ होतो, दुसरं काय.

मैदान दोन महिने बंद राहिलं. रविवार थांबले. सर फोन करून प्रत्येकाला सांगायचे, घरात तरी चालत राहा. पण घरात कोण चालतं? मास्तर तर अजिबात नाही. मी सामानाच्या खोलीत पडून होते. एक दिवस रंगारी आला. गोलकीपरने त्याला मला सजवायला सांगितलं होतं. रंगाऱ्याने माझी मूठ बघून फोनवर विचारलं, "साहेब, या सुतळ्यांचं काय करू?" पलीकडून उत्तर आलं ते मी ऐकलं. "काढून टाक रे, घाण दिसतंय ते." त्याने कात्रीने सगळ्या सुतळ्या कापल्या, गोळा करून डब्यात टाकल्या आणि माझ्या फटीवरून, दांडीवरून, चाकांवरून जाड सोनेरी रंग फिरवला. रंग वाळल्यावर माझी चाकं फिरेनाशी झाली. माणसाला असं केलं असतं तर पोलीस आले असते.

सत्काराच्या दिवशी मला मंचावर खुर्च्यांच्या मागे उभं केलं होतं. समोर हिरवंगार, न वाढणारं गवत. सर मंचावरच्या पहिल्या रांगेत मधोमध, अंगात इस्त्रीचा कोट. प्राचार्य भाषण वाचत होते. करंडक चार, उपविजेतेपदं सहा, राज्यस्तरावर गेलेले खेळाडू अमुक. मग ते समाजसेवेवर आले. म्हणाले, सरांनी अनेक रुग्णांना नवी उमेद दिली, आणि आज त्याचं जिवंत दर्शन आपल्याला घडणार आहे.

ही गोलकीपरची कल्पना. सरांना त्याने ती सांगितली नव्हती, कारण त्याला सरांना चकित करायचं होतं. रविवारच्या लोकांपैकी पाच जणांनी साइडलाइनवरून चालत मंचापाशी यायचं आणि मास्तरांनी सरांच्या हातात सन्मानचिन्ह द्यायचं. नव्या गवतावर चुना चालत नाही, म्हणून गोलकीपरने सकाळी स्वतः गुडघ्यांवर बसून पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा लावल्या होत्या. फूटपट्टीने मोजून, दोन-दोन फुटांवर, सगळ्यांना सारख्या. फोटोत सुंदर दिसाव्यात म्हणून. या खेपेला त्याची रेघ शेवटपर्यंत सरळ होती, हेही सांगायला हवं.

मास्तर सगळ्यात पुढे होते. स्वतः शिवलेला जुना कोट घालून आले होते. त्यांनी खाली बघितलं, पांढऱ्या खुणा ओळखीच्या वाटल्या असाव्यात, आणि त्यांनी सुनेचा हात सोडला.

सरांना मंचावरून दिसलं. ज्या डोळ्यांना शंभर पावलांवरून रेघ अंगठ्याएवढी सरकलेली दिसायची, त्यांना अंतर चुकलंय हे दिसणारच. ते खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात प्राचार्य कागदावरून मान वर करून म्हणाले, "सर, बसा, बसा. तुमचं कौतुक अजून संपलेलं नाही." लोक हसले. टाळ्या झाल्या. आणि सर बसले.

मी हे कितीदा तरी आठवते. एकतीस वर्षांत या माणसाने भर सामन्यात खेळ थांबवला होता, कारण एका मुलाच्या बुटाची नाडी सुटली होती. त्या दिवशी लोकांचा विरस नको म्हणून तो बसला.

मास्तरांनी पहिली खूण गाठली. दुसरीसाठी पाय फेकला, कसाबसा टेकवला. तिसरीला पाय पोचला नाही आणि ते सगळ्यांसमोर कुशीवर पडले. सन्मानचिन्ह हातातून सुटून गवतावर पडलं. हाड मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब. समितीची मात्र तातडीने बैठक बसली. उद्या कुणाला काही झालं तर जबाबदारी कुणाची? पुढच्याच आठवड्यात ठराव झाला की बाहेरच्या व्यक्तींना मैदानावर प्रवेश नाही. गोलकीपरने सरांपुढे हात जोडले. "सर, मी एकटा काय करणार? थोडे दिवस जाऊ द्या, मग बघू." ते थोडे दिवस अजून चाललेत. मला इथे कपाटात आणून ठेवलं, ते त्याच सुमारास.

आता शेवटचं. तीन महिन्यांनी एका दुपारी सर व्हरांड्यात आले. बरोबर मास्तर आणि त्यांची सून. मास्तर दोन्ही हातांनी तिला धरून होते. पडल्या दिवसापासून ते खुर्चीतून उठत नव्हते, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं. सर त्यांच्या घरी जाऊन जाऊन थकले होते. खुणा चुकल्या होत्या, तुम्ही नाही चुकलात, असं सर सांगायचे आणि मास्तर म्हणायचे, "समजूत काढताय तुम्ही. खुणा त्याच होत्या. पायच संपला माझा." म्हणून सर त्यांना पुरावा दाखवायला माझ्याकडे घेऊन आले होते. मी मंचावर होते तेव्हा त्यांची माझ्याकडे पाठ होती. माझी मूठ बोडकी झाली आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

शिपायाने कपाट उघडलं. सरांनी मूठ चाचपली. इकडून, तिकडून. मग हात तसाच ठेवून उभे राहिले.

"इथे सुतळ्या होत्या, मास्तर," ते म्हणाले. "तुमचीही होती. अठरा गाठींची."

"कसल्या गाठी?"

तेव्हा सरांनी सगळं सांगितलं. अर्धी वीत कशी होती, दोन महिन्यांनी एक बोट कसं वाढवलं, शेवटी दोन विती कशा झाल्या. सांगताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. मास्तर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद येईल असं मला वाटलं होतं. सरांनाही तेच वाटत असणार.

"दर रविवारी मी तुम्हाला विचारायचो," मास्तर म्हणाले. "खुणा त्याच ना, म्हणून."

"हो."

"आणि तुम्ही म्हणायचात, त्याच."

"तुम्ही घाबरला असतात, मास्तर. माझ्या घरात एकदा तसं झालं होतं."

"पन्नास वर्षं मी लोकांची मापं घेतली. पोट सुटलेल्याला तोंडावर सांगायचो, दोन इंच वाढलंय तुमचं. चिडायचे लोक. पण खोटं माप मी कुणाला सांगितलं नाही, सर."

सून हळूच म्हणाली, "रोज म्हणायचे हो घरी. तीन वर्षं जातोय, आहे तिथेच आहे मी."

मास्तरांनी व्हरांड्याच्या फरशीकडे बघितलं, सुनेचा हात घट्ट धरला आणि एक पाऊल टाकलं. मग ते म्हणाले, "मोजा. आता खरं सांगा."

सर खाली बसले. त्यांचेही गुडघे आता लवकर वाकत नाहीत. त्यांनी मास्तरांच्या टाचेपासून टाचेपर्यंत हात पसरला.

"एक वीत," ते म्हणाले.

"आणि दोन विती कधी झाल्या होत्या?"

"मैदान बंद व्हायच्या आदल्या रविवारी."

मास्तरांनी तो पाय मागे घेतला. मग म्हणाले, "त्या दिवशी कळलं असतं तर घरी जाऊन मशीनवरची चादर काढली असती मी. पायाला जोर आलाय की नाही, बघितलं तरी असतं." ते चिडून बोलले नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाला कापड कमी पडलं असं सांगावं, तसं बोलले. आणि सुनेला म्हणाले, "चल."

सर मागे राहिले. शिपाई म्हणाला, "सर, हात काढता का? रंगावर डाग पडतात." सरांनी हात काढला. त्यानंतर ते इकडे आलेले नाहीत. मैदानाच्या फाटकावर त्यांचं नाव आहे आणि ते रविवारी कुलपात असतं.

मित्रांनो, तुम्ही मला विचाराल, तुझा राग नेमका कुणावर? गोलकीपरवर आहे. ज्याने वापरायची वस्तू रंगवून उभी केली आणि तिला आदर म्हटलं, त्याच्यावर राग यायलाच हवा. तुम्हाला कुणाच्या कामाचा मान राखायचा असेल, तर ते काम चालू राहील एवढं बघा. भाषण नसलं तरी चालतं. पण मी सरांवरही रागावलेली आहे, आणि त्यांच्याइतकं मला कुणी जपलेलं नाही, म्हणून तो राग जास्त दुखतो. त्यांनी एका माणसाला तीन वर्षं पुढे नेलं आणि त्याला वाटू दिलं की तो जागचा हललेला नाही.

तुमच्या घरात कुणी आजारातून उठत असेल, कुणी धडपडत काही शिकत असेल आणि ते बोटभर जरी पुढे गेलं, तर त्याला सांगा. चिडेल, रुसेल, दोन रविवार येणार नाही. तरी सांगा, आणि त्याच दिवशी सांगा. मास्तरांना त्यांच्या दोन विती माझ्यासमोर कळल्या, तेव्हा त्यांच्याजवळ एकच उरली होती.